कोकणातल्या गोड्या तळ्यात मिश्र मत्स्यशेती: आधी पाण्याचे महिने मोजा

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरी फेब्रुवारीत कित्येक तळ्यांच्या तळाला भेगा दिसतात. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. घाटावरच्या तळ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेतले आकडे इथे जसेच्या तसे लावले की फसगत होते, कारण ते गणित दहा-बारा महिन्यांच्या पाण्याचं असतं. कोणते मासे, किती आणि केवढे सोडायचे हे ठरवण्याआधी एकच गोष्ट बघा: तळ्यात एक मीटरहून जास्त पाणी किती महिने राहतं?

पुढचे सगळे आकडे १० गुंठे पाणपसाऱ्यासाठी, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरसाठी आहेत. तळं लहान-मोठं असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा. खोली दीड ते दोन मीटर धरली आहे.

जागा आणि पाणी

नवीन तळं खणायचं असेल तर कातळावर किंवा वरकस जमिनीवर मातीचं तळं खणू नका. मळ्यात, व्हाळाच्या कडेच्या सखल भागात चिकण माती सापडते. तिथे मीटरभर खोल खड्डा घ्या, संध्याकाळी काठोकाठ भरा. पहिल्या रात्री माती पाणी पितेच, म्हणून सकाळी पुन्हा भरा आणि दुसऱ्या सकाळी बघा. पाणी बरंचसं टिकलं असेल तर जागा चालेल. अर्ध्याहून खाली गेलं असेल तर प्लास्टिक अस्तराशिवाय तिथे काही होणार नाही. बांध घालताना मधोमध चिकण मातीचा गाभा पार खालच्या घट्ट थरापर्यंत उतरवा. उतार एकास दोन ठेवा आणि बांधाचा माथा भरलेल्या पाण्याच्या किमान ६० सेंटिमीटर वर हवा. जुलैतल्या एका रात्रीच्या पावसात ३० सेंटिमीटर मोकळी जागा पुरत नाही.

५०० मायक्रॉनचं अस्तर घातलेलं शेततळं वर्षभर पाणी धरतं, पण त्याला गाळ नाही. तळातला गाळ खाऊन जगणाऱ्या माशांना तिथे फारसं काही मिळत नाही. शिवाय अस्तर ओलं झालं की माणूस पाय रोवून वर येऊ शकत नाही. चारी बाजूंना गाठी मारलेले दोर आणि जुने टायर सोडून ठेवा, कुंपण घाला. मासे सोडण्याआधीचं काम आहे हे.

चिरेखाणीबद्दल बरेच जण विचारतात. खाण पाणी धरत असेल तर मासे वाढतात, काढता मात्र येत नाहीत. भिंती उभ्या, तळ खाचखळग्यांचा, ओढजाळं जागोजागी अडकतं आणि मासे खालून निसटतात. पंप लावून खाण उपसायची सोय असेल तरच तिच्या नादी लागा.

पाणी कुठून येतं तेही महत्त्वाचं. डोंगरावरून येणारं लाल पाणी थेट तळ्यात घेऊ नका. वरच्या अंगाला चर खणून ते बाजूने काढून द्या आणि लागेल तेवढंच पाणी पाइपाने आत घ्या. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळीची लांब पिशवी बांधा. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात आणि त्यांच्याबरोबर मरळ, शिंगटी, वाम हे शिकारी मासे आत शिरतात. सांडव्यालाही जाळी हवी, पण ती रुंद हवी. अरुंद जाळी पाल्यापाचोळ्याने तुंबते, पाणी बांधावरून जातं आणि मासे शेजाऱ्याच्या खाचरात पोचतात.

कोण काय खातं

मिश्र मत्स्यशेतीचा पाया साधा आहे. एकाच पाण्यात वेगवेगळ्या थरांत, वेगवेगळं अन्न खाणारे मासे ठेवायचे, म्हणजे तळ्यातलं कुठलंच अन्न वाया जात नाही आणि मासे एकमेकांच्या तोंडचा घास काढत नाहीत. कटला वरच्या थरात असतो आणि सूक्ष्म प्राणी खातो. चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, त्याच थरात हिरवं शेवाळी प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती, गाळून खातो. रोहू मधल्या थरात, दगडा-काठ्यांवरचं शेवाळ खरवडत फिरतो. मृगळ आणि सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळाशी. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, वनस्पती खातो, आणि त्याच्या विष्ठेतला अर्धवट पचलेला चारा बाकीच्यांना खाद्य आणि पाण्याला खत म्हणून उपयोगी पडतो.

कागदावर सहा जाती छान नांदतात. प्रत्यक्षात दोन ठिकाणी घासाघीस होते. पहिली कटला आणि चंदेऱ्याची: दोघे एकाच थरात, आणि चंदेरा जास्त भराभर वाढतो. तो जास्त सोडला की कटला खुरटतो. शिवाय चंदेरा पाण्याबाहेर लवकर मरतो, लवकर खराब होतो आणि बाजारात त्याला कटल्याएवढा दर मिळत नाही. दुसरी अडचण सायप्रिनसची. तो तोंडाने माती उकरत फिरतो. बांधाच्या आतल्या उतारावर, पाण्याच्या रेषेखाली वीतभर, मूठ जाईल अशी भोकं ओळीने दिसली की ती त्याचीच समजा. मातीचा बांध हळूहळू आतून पोखरला जातो आणि पाणी कायम गढूळ राहतं. त्यात तो तळ्यातल्या पाणवनस्पतींवर अंडी घालतो, म्हणजे न मागता पिल्लांची गर्दी. त्याची जमेची बाजू एवढीच की तो मृगळापेक्षा लवकर वजन धरतो.

मरळ आणि मांगूर या मिश्रणात नकोत. थाई मांगूर पाळायला तर देशात बंदीच आहे. रायगडात, अलिबाग-पेणकडे, तळ्यात जिताडा पाळायची जुनी रीत आहे. जिताडा चवीला राजा, पण शिकारी. बोटुकल्यांबरोबर, म्हणजे सोडायच्या लहान पिल्लांबरोबर, सोडला तर वर्षअखेर तोच तेवढा हाती लागेल. त्याच्यासाठी तळं वेगळं ठेवा.

पाण्याच्या महिन्यांवरून ठरवायचं

*दहा महिने किंवा जास्त.* अस्तराचं तळं, किंवा विहिरीच्या पाण्याची जोड असलेलं. १०० ते १५० मिलिमीटर लांबीच्या ७०० बोटुकल्या सोडा. मातीच्या तळ्याला आमची पसंती चार जातींना: कटला २१०, रोहू २४५, मृगळ १७५, गवत्या ७०. अस्तराच्या तळ्यात मृगळ १०० वर आणा आणि ७५ चंदेरे घाला. तिथलं पाणी पटकन हिरवंगार होतं आणि चंदेरा ते आटोक्यात ठेवतो. हवा खेळवणारं यंत्र नसेल तर ८०० च्या वर जाऊ नका. बीज स्वस्त मिळालं म्हणून हजार-दीड हजार सोडलेल्या तळ्यात वर्षअखेर पाव-पाव किलोचे मासे निघतात आणि ते कोणी घेत नाही.

*सहा ते आठ महिने.* कोकणातली बहुतेक मातीची तळी या गटात येतात. इथे बोटभर बोटुकली सोडून चालत नाही, तिला वाढायला वेळच मिळत नाही. आदल्या वर्षीची, दाटीत आणि कमी खाद्यावर रोखून धरलेली ८० ते १०० ग्रॅमची बोटुकली घ्या. मोकळं पाणी आणि पोटभर खाद्य मिळताच ती झपाट्याने वाढते. संख्या ४५० पुरे: कटला ११०, चंदेरा ११०, रोहू ९०, सायप्रिनस ८०, गवत्या ६०. इथे सायप्रिनसचा उपद्रव सोसायचा, कारण मृगळ तेवढ्या मुदतीत विक्रीजोगा होत नाही. असं मोठं बीज आयत्या वेळी मिळत नाही. जवळच्या मत्स्यबीज केंद्रात जानेवारी-फेब्रुवारीतच सांगून ठेवा, नाहीतर अस्तराच्या लहान टाकीत स्वतः रोखून ठेवा.

*तीन-चार महिने.* खाण्याचे मासे विसरा आणि बीज वाढवा. इंचभर आकाराचं २० ते ३० हजार मत्स्यबीज सोडून अडीच-तीन महिन्यांत बोटुकली विकता येते. बारमाही तळेवाल्यांना ती हवीच असते. आठ महिन्यांच्या तळ्यात ओढाताण करण्यापेक्षा हा धंदा पुष्कळदा बरा पडतो.

चुना, मग शेण

कोकणची माती आंबट, पाणी मऊ. पाण्यात विरघळलेला चुना कमी असला की सामू (pH) दिवसभर वर-खाली नाचतो, प्लवंग धरत नाही आणि मासे आजारी पडतात. म्हणून इथे खतापेक्षा चुन्याचं महत्त्व जास्त.

तळं उन्हाळ्यात आटत असेल तर ते वरदान समजा. मे महिन्यात तळ भेगा पडेपर्यंत तापू द्या, कुजका काळा गाळ वरवर काढा आणि नको असलेले मासे आपोआप संपतील. मातीचा सामू ५ ते ६ असेल तर १०० ते १२० किलो कळीचा चुना, ६ ते ६.५ असेल तर ५० ते १०० किलो. तळाला आणि बांधाच्या आतल्या उतारालाही पसरा. चुना विरवताना तो उसळतो. लोखंडी टाकीत, लांब दांड्याने, डोळ्यांवर चष्मा लावून काम करा. प्लास्टिकची बादली वितळते.

तळं आटत नसेल तर पाणी शक्य तितकं खाली आणून मोहाची पेंड टाका. प्रमाण एक घनमीटर पाण्याला २५० ग्रॅम, म्हणजे अर्धा मीटर पाणी उरलं असेल तर १२५ किलो. रात्रभर भिजवून, भर उन्हात सगळीकडे शिंपडा. काही तासांत मासे वर येतात आणि जाळ्याने काढता येतात. विषाचा अंश १५ ते २० दिवस राहतो, पुढे तीच पेंड खताचं काम करते. पेंड जुनी असेल तर मरळ वाचते, म्हणून ताजीच घ्या. नवीन मासे सोडण्याआधी टोपलीला जाळी बांधून त्यात दहा बोटुकल्या दिवसभर पाण्यात ठेवा. त्या तरल्या तर पुढे जा.

चुन्यानंतर सात दिवस थांबा. ताजा चुना आणि खत एकत्र आले की नत्र वायू होऊन उडतं आणि स्फुरद चुन्याला बांधला जातो, दोन्ही फुकट. मग २०० किलो ओलं शेण पाण्यात कालवून काठाकाठाने सोडा. पुढे दर महिन्याला १०० किलो शेण, आणि त्यानंतर पंधरवड्याने अडीच किलो युरिया व तीन किलो सुपर फॉस्फेट पाण्यात विरघळवून. अस्तराच्या तळ्यात शेण गोणीत भरून कोपऱ्यात लटकत ठेवा, म्हणजे चोथा तळाशी साचत नाही.

खत केव्हा थांबवायचं हे हाताने कळतं. कोपरापर्यंत हात पाण्यात सरळ बुडवा. तळवा अंधूक दिसला तर ठीक. मनगटही दिसेनासं झालं तर शेण आणि युरिया पंधरा दिवस बंद. कोपरापर्यंत बुडवूनही नखं स्वच्छ दिसली तर खत कमी पडतंय. ही परीक्षा हिरव्या पाण्यासाठी आहे. जांभ्याच्या लाल गढूळ पाण्यात तळवा दिसत नाही, पण तिथे माशांना खायला काहीच नसतं. तिथे भाताच्या पेंढ्याच्या जुड्या काठाला बुडवून ठेवल्या की माती हळूहळू खाली बसते. पंधरा दिवसांत जुड्या बाहेर काढा.

बोटुकली सोडताना

मृगाचा पहिला जोर, तळं भरणं आणि सांडवा वाहणं उरकू द्या. सांडवा जोरात वाहत असताना सोडलेलं बीज वाहूनच जातं. मोठी, रोखलेली बोटुकली जूनअखेरीस चालते, कारण सांडव्याची जाळी तिला अडवते. लहान बीज जुलैचा मारा ओसरल्यावर, ऑगस्टमध्ये.

प्राणवायू भरलेल्या पिशव्या सकाळी किंवा संध्याकाळी आणा. न उघडता १५-२० मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं-थोडं आत घ्या, दहा मिनिटांत पिशवीतलं पाणी दुप्पट होईल इतपत. मिठाचं पाणी द्यायचं तर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात एक-दोन मिनिटं, जास्त नाही. शेवटी पिशवी आडवी करा. चांगली बोटुकली प्रवाहाविरुद्ध तोंड करून क्षणभर थांबते आणि स्वतः बाहेर पडते. कडेला कलंडून राहते ती जगत नाही. ५० बोटुकल्या वेगळ्या जाळीच्या पिंजऱ्यात रात्रभर ठेवून सकाळी मेलेल्या मोजा. दहापेक्षा जास्त मेल्या असतील तर बीज वाहतुकीतच खचलेलं आहे, विक्रेत्याशी तेव्हाच बोला. नंतर पुरावा राहत नाही.

खाद्य

शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा, समान वजनाने. गिरणीत कोंडा मागितला की कधी तूस मिसळून देतात. तूस मासा पचवू शकत नाही. कोंडा मुठीत दाबून बघा: चांगला कोंडा गोळा धरतो आणि हाताला तेलकट लागतो, तुसाचा खरखरीत सुटा राहतो.

पेंड रात्रभर भिजवा, सकाळी कोंड्यात मळा. खताची रिकामी गोणी स्वच्छ धुऊन तिच्या खालच्या भागात पेन्सिल जाईल एवढी भोकं दोन ओळींत पाडा, मिश्रण भरा आणि बांबूला अशी बांधा की खालचा तिसरा हिस्सा पाण्यात राहील. अशा दोन गोण्या पुरतात. चार-पाच दिवसांत मासे ठरल्या वेळी गोणीभोवती जमतात. रोहू खालून ढुशा देतो आणि गोणी हलताना काठावरून दिसते. दोन तासांत गोणी रिकामी झाली तर प्रमाण बरोबर. दुसऱ्या दिवशी आंबूस उरलं असेल तर तिसरा हिस्सा कमी करा.

प्रमाण काढायला महिन्यातून एकदा पाग (फेकजाळं) टाकून प्रत्येक जातीचे पाच-दहा मासे तोला. समजा ७०० पैकी ६०० जगले धरले आणि सरासरी वजन २५० ग्रॅम आलं, तर तळ्यात १५० किलो मासे आहेत. त्याच्या अडीच टक्के म्हणजे दिवसाला पावणेचार किलो. मासे ५० ग्रॅमच्या आत असताना चार-पाच टक्के, १०० ग्रॅमनंतर तीन, पाव किलोच्या आसपास अडीच, अर्धा किलोनंतर दोन. गवत्याला वेगळं: बांबूची दोन मीटर चौकट तरंगत ठेवून त्यात नेपियर, पॅरा गवत, केळीची चिरलेली पानं. त्याला चारा मिळाला नाही तर तो कोंडा-पेंडीवर ताव मारतो आणि रोहू उपाशी राहतो.

पावसाळ्यात पेंडीला बुरशी धरते. हिरवट डाग पडलेली पेंड माशांना घालू नका, त्यातलं विष यकृत खराब करतं. महिन्यापेक्षा जास्त साठा करू नका. ढगाळ, कोंदट दिवशी आणि मासे वर हापापत असताना खाद्य बंद.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त मासे पहाटे मरतात. रात्रभर प्लवंग आणि गाळ प्राणवायू खातात, आणि चार ते सहाच्या दरम्यान पातळी तळाला जाते. वारा पडलेला, आदल्या दिवशी ऊन नाही, पाणी दाट हिरवं: अशी रात्र धोक्याची. चंदेरा आणि कटला आधी वर येऊन तोंडं उघडू लागतात, त्यांना धोक्याची घंटा समजा. ताबडतोब पंपाने तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा आणि सूर्य वर येईपर्यंत चालू ठेवा. पुढचे चार-पाच दिवस शेण आणि खाद्य बंद.

जूनचा पहिला मोठा पाऊसही तसाच घातक. तापलेल्या तळ्यावर थंड पाणी पडतं, ते खाली जातं, तळातलं कुजकं पाणी वर येतं आणि बांधावरची आंबट माती आत धुपते. पाऊस येण्याआधी बांधाच्या आतल्या उतारावर चुना भुरभुरून ठेवा. पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी १० किलो विरवलेला चुना किंवा डोलोमाइट द्या. सामू सकाळी सहाला आणि दुपारी तीनला मोजा. दोन्हींत दीडपेक्षा जास्त फरक असेल तर चुना कमी पडतोय.

नोव्हेंबर ते जानेवारीत पाणी गार पडतं आणि अंगावर लाल चट्टे, मग खोल जखमा दिसतात. ऑक्टोबरअखेर २० किलो चुना दिला तर हा व्रणरोग पुष्कळदा टळतो. आलाच तर मीटरभर खोलीला सीफॅक्स हे औषध १०० मिलिलिटर पाण्यात मिसळून शिंपडा. मासे उड्या मारू लागले, बांबूला अंग घासू लागले तर उवा बघा: चपट्या, मसुरीएवढ्या, कल्ल्यांपाशी आणि परांच्या मुळाशी. पाण्यात उभ्या फळ्या रोवा. उवा त्यांवर अंडी घालतात. आठवड्याने फळ्या काढून उन्हात वाळवा आणि पुन्हा रोवा.

आंबा-काजूच्या बागेतल्या तळ्याला एक खास धोका आहे. मोहोरावर फवारली जाणारी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनच्या जातीची औषधं माशांना अतिशय थोड्या प्रमाणातही मारक असतात. फवारणीची टाकी तळ्यात बुडवून भरू नका, तळ्याकाठी धुऊ नका आणि वारा तळ्याकडे वाहत असेल तेव्हा फवारू नका. फवारणीनंतर एका रात्रीत सगळ्या जातींचे मासे एकदम तरंगले तर रोगाचा शोध घेण्यात अर्थ नाही.

पाणकावळे, बगळे आणि खंड्या लहान बोटुकल्या उचलतात. पहिले दोन महिने तळ्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणून ठेवा.

काढणी

मासे एकदम काढू नका. अर्धा-पाऊण किलोवर गेलेले कटला, चंदेरा, गवत्या आधी काढले की मागे राहिलेले वाढतात. जाळं पहाटे ओढा, आदल्या दिवशी खाद्य देऊ नका आणि चंदेरा सर्वांत आधी बर्फात टाका. मासा आणि कुटलेला बर्फ समान वजनाने. नीट राखलेल्या बारमाही तळ्यातून १० गुंठ्यांत ३०० ते ४०० किलो मासे निघतात. सहा-आठ महिन्यांच्या तळ्यात त्याच्या निम्मे धरा.

दराचा विचार पंचांग बघून करा. श्रावण ते अनंत चतुर्दशी घरोघर मासे बंद, तेव्हा जाळं टाकू नका. शिमगा, मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात तेव्हा, आणि जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असताना गोड्या पाण्याच्या माशाला मागणी येते. एरवी बांगडा-सुरमई समोर असताना रोहूकडे कोणी फिरकत नाही. तळ्याचं पाणी बागेला देत असाल तर मार्चपासून रोज खुंटीवर पातळी बघा. ती एक मीटरला आली की उपसा थांबवा किंवा मासे काढा. उथळ, तापलेल्या पाण्यात चार दिवस थांबलात तर तोलून विकायला काही उरत नाही. शेवटचं पाणी उपसताना तळाच्या चिखलात मृगळ आणि सायप्रिनस रुतून राहतात. ते हाताने चाचपून काढा, आणि तळं लगेच उन्हाला सोडा.